हातची जागा सोडताना

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

बारावीचा निकाल लागून दोन-अडीच महिने झालेले असतात. पेढे वाटून झालेले असतात, शेजारपाजारच्या चौकश्या संपलेल्या असतात. गणपती जवळ आलेले असतात, आणि महाविद्यालयाच्या कार्यालयातली गर्दी आता ओसरली असं वाटत असतानाच खिडकीसमोर एक वेगळीच रांग लागते. ही रांग प्रवेश घेणाऱ्यांची नसते, घेतलेला प्रवेश सोडणाऱ्यांची असते. कुणी इंजिनिअरिंगला पैसे भरून बसलेला असतो आणि त्याचं नाव आयुर्वेदाच्या यादीत येतं. कुणाला लातूरचं कॉलेज मिळालेलं असतं आणि शेवटच्या टप्प्यावर पुण्यातली एक जागा रिकामी झाल्याची बातमी कानावर येते. सगळ्यांच्या हातात प्लास्टिकची फाईल असते आणि सगळे घाईत असतात.

या रांगेच्या आतल्या बाजूला, म्हणजे खिडकीमागे, मी बरीच वर्षं बसलो. बाहेरून येणारा पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला: "साहेब, भरलेली फी परत कधी मिळणार?" प्रश्न रास्तच आहे. शेतकऱ्याने सोयाबीन विकून नाहीतर पतपेढीचं कर्ज काढून भरलेले पैसे असतात ते. पण हा पहिला प्रश्न नव्हे. पहिला प्रश्न असा हवा की, नवी जागा खरोखर माझ्या नावावर झाली आहे का?

प्रवेश बदलताना तीन गोष्टी हलवायच्या असतात: जागा, कागद आणि पैसे. तिघांचा वेग वेगळा असतो. जागेचा हिशेब तासांत होतो. कागदांचा दिवसांत होतो. पैशांचा आठवड्यांत, आणि नशीब खराब असेल तर महिन्यांत होतो. घोळ होतो तो या तिघांना एकाच दोरीने बांधल्यामुळे. पैसे अडकले म्हणून जागा घ्यायला उशीर करायचा, किंवा कागद लवकर हातात यावेत म्हणून जागा आधीच सोडून द्यायची, या दोन चुकांनी जितकी मुलं रडताना मी पाहिली तितकी कमी गुणांमुळे रडताना पाहिलेली नाहीत.

आता ही पळापळ मुळात होते कशामुळे? आपल्याकडे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे ज्याला सगळे सीईटी सेल म्हणतात, त्याच्यामार्फत होतात. २०१५ सालच्या कायद्याने खासगी विनाअनुदानित संस्थांचे प्रवेश आणि शुल्क यांवर देखरेख आली. त्याच कायद्याने प्रवेश नियामक प्राधिकरण आणि शुल्क नियामक प्राधिकरण अशी दोन प्राधिकरणं आणली. प्रवेशाच्या फेऱ्यांना 'कॅप राउंड' हे नाव गावोगावी रुळलं आहे. पण कॅप एक नाही. इंजिनिअरिंगची वेगळी, औषधनिर्माणशास्त्राची वेगळी, वैद्यकीय आणि आयुर्वेदाची वेगळी. शिवाय दिल्लीहून चालणारी अखिल भारतीय कोट्याची वेगळीच. प्रत्येकीचं वेळापत्रक स्वतंत्र, आणि वैद्यकीयचं बहुधा सगळ्यांत लांबणारं. एका मुलाला अखिल भारतीय कोट्यातून परराज्यात एमबीबीएस मिळालं की त्याची इथली जागा सुटते. तिथे दंतवैद्यकीयचा मुलगा सरकतो, त्याच्या जागी आयुर्वेदाची मुलगी येते, तिने सोडलेली फार्मसीची जागा आणखी कुणाला मिळते. एक हलला की चार-पाच जण हलतात, आणि शेवटचा हलतो तेव्हा त्याच्या कॉलेजात वर्ग सुरू होऊन महिना झालेला असतो. तेव्हा हा उशीर कुणाच्या दुष्टपणामुळे होत नाही. अमुक एक जागा रिकामी झाली हे कळल्याशिवाय पुढची हलूच शकत नाही, एवढं साधं कारण आहे.

इथे एक फरक पालकांनी नीट समजून घेतला पाहिजे, कारण सगळी मेख तिथेच आहे. एकाच प्रक्रियेच्या आत जागा बदलणं वेगळं आणि एका प्रक्रियेतून दुसरीत उडी मारणं वेगळं.

एकाच प्रक्रियेत, समजा इंजिनिअरिंगच्या कॅपमध्ये, पहिल्या फेरीत मिळालेली जागा तुम्ही स्वीकारलीत पण 'बेटरमेंट'चा, म्हणजे अधिक चांगल्या जागेची वाट पाहण्याचा, पर्याय ठेवलात, तर पुढच्या फेरीत वरचा पर्याय मिळताक्षणी आधीची जागा आपोआप जाते. तिथे अर्ज करावा लागत नाही आणि उशीरही होत नाही. धोका आहे तो उलट दिशेने. नवी जागा पसंत पडली नाही म्हणून जुनीवर परत जाता येत नाही. मुलाने यादी भरताना "असू दे, काय बिघडतं" म्हणून वर टाकलेलं कॉलेज खरंच मिळालं, ते घरापासून दोनशे किलोमीटरवर निघालं, आणि जवळचं हातचं गेलं, असं घडतं. वैद्यकीय प्रवेशांत हीच गोष्ट आणखी कडक आहे. मिळालेली जागा कायम ठेवायची असेल तर 'स्टेटस रिटेन्शन'चा फॉर्म भरून द्यावा लागतो. तो भरला नाही आणि पुढच्या फेरीत दुसरी जागा मिळाली, तर तुम्ही तिथे रुजू व्हा अथवा होऊ नका, पहिली जागा गेलेली असते. शेवटच्या टप्प्यांत तर घेतलेली जागा सोडली तर अनामत जप्त होण्यापासून पुढच्या फेऱ्यांतून बाद होण्यापर्यंत परिणाम असू शकतात. त्या वर्षीची माहितीपुस्तिका कंटाळा आला तरी वाचावी. नियम दरवर्षी थोडेथोडे बदलतात आणि शेजारच्या मुलाचा मागच्या वर्षीचा अनुभव यंदा कामाला येईलच असं नाही.

दुसरा प्रकार म्हणजे एका प्रक्रियेतून दुसरीत जाणं, किंवा कॅप संपल्यावर संस्थेच्या पातळीवर भरल्या जाणाऱ्या उरलेल्या जागांपैकी एखादी घेणं. इथे आपोआप काहीच होत नाही. जुना प्रवेश तुम्हाला स्वतः रद्द करावा लागतो, आणि तो कधी करायचा हे कुणी सांगत नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. करमाळ्याकडचे एक गृहस्थ सकाळच्या एसटीने आमच्याकडे आले. मुलीला आमच्याकडे मेकॅनिकल मिळालं होतं, तिला हवं होतं कॉम्प्युटर. दुसऱ्या शहरातल्या एका कॉलेजातून फोनवर सांगितलं गेलं होतं, "या तुम्ही, एक जागा आहे." प्रवेशाची अंतिम तारीख दुसऱ्या दिवशी होती. गृहस्थ म्हणाले, लवकर रद्द करा, मूळ कागद द्या, तीनच्या आत तिकडे पोचायचं आहे. मी अर्ज घेतला, संगणकावर प्रवेश रद्द झाल्याची नोंद केली, प्राचार्यांची सही आणली, कागद मोजून दिले. वीस मिनिटांत काम झालं. त्यांनी मला हात जोडून नमस्कार केला.

तीन वाजता त्यांना तिकडे कळलं की उरलेल्या जागाही गुणवत्तेनुसारच भरतात आणि हिच्यापेक्षा जास्त गुणांचा मुलगा दुपारीच आला होता. चार वाजता त्यांचा मला फोन आला. आमच्याकडची जागा तोवर प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या मुलाला दिली गेली होती, त्याने पैसेही भरले होते. त्या मुलीने ते वर्ष बी.एस्सी.ला काढलं.

मी नियमाबाहेर काहीच केलं नव्हतं. उलट इतक्या झटपट काम केल्याबद्दल त्या दिवशी मला स्वतःचं कौतुकच वाटलं होतं. पण "तिकडची पावती हातात आहे का?" एवढं विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं. पुढे निवृत्त होईपर्यंत प्रत्येक रद्द अर्जाच्या वेळी मी ते विचारत राहिलो, आणि दर वेळी दोन-चार जण तरी खिडकीवरून परत जात. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे आपल्याकडे शाळेत शिकवतात. प्रवेशाच्या दिवसांत ते नेमकं विसरलं जातं.

मग नवी जागा पक्की कशी समजायची? केंद्रीय प्रक्रियेतून मिळालेली असेल तर वाटपाचं पत्र तुमच्या लॉगिनमध्ये येतं. हजर होण्याच्या मुदतीपर्यंत ती जागा तुमच्या नावावर असते. ते पत्र हाती असेल तर जुना प्रवेश सोडायला हरकत नाही, आणि मग मात्र वेळ दवडूही नये. संस्थेच्या पातळीवरची जागा असेल तर फोनवरचा शब्द, ओळखीच्या प्राध्यापकाचा निरोप, "तुम्ही या तर खरं" हे काहीही पक्कं धरू नका. गुणवत्ता यादीत नाव लागलेलं आणि शुल्काची पावती, निदान सही-शिक्क्याचं पत्र, एवढं हवं.

इथेच तो प्रसिद्ध तिढा पडतो. नवं कॉलेज म्हणतं, मूळ कागद आणा तर प्रवेश देतो. जुनं म्हणतं, प्रवेश रद्द करा तर मूळ कागद देतो. मधल्या मध्ये मुलगा. या तिढ्यावर माझ्या पाहण्यातला उत्तम उपाय अगदी घरगुती आहे: दोन माणसं, दोन खिडक्या, एक फोन. वडील नव्या कॉलेजच्या खिडकीवर आणि काका किंवा मामा जुन्या. जुन्या कॉलेजात रद्द करण्याचा अर्ज, सह्या, फोटोप्रती सगळं तयार ठेवायचं, फक्त खिडकीच्या आत सरकवायचं नाही. नव्या कॉलेजात सांक्षांकित प्रती दाखवून शुल्क भरून पावती घ्यायची, आणि मूळ कागद अमुक वेळेपर्यंत आणून देतो असं हमीपत्र लिहून द्यायचं. पावतीचा फोटो मोबाईलवर आला की इकडे अर्ज आत. विद्यार्थ्याची सही लागते, म्हणून सही केलेले कोरे नव्हे, पूर्ण भरलेले अर्ज आधीच करून ठेवावेत. पालक अनेकदा मुलाला बरोबर घेऊन हिंडतात आणि सहीसाठी जुन्या गावी परत धावतात.

आणखी एक कागद मागून घेता येतो, तो फारसा कुणाला माहीत नसतो. जुन्या कॉलेजकडून असं पत्र घ्यायचं की, या विद्यार्थ्याची अमुक अमुक मूळ कागदपत्रं आमच्या कार्यालयात जमा आहेत. काही ठिकाणी हे पत्र आणि साक्षांकित प्रती यांवर तात्पुरता प्रवेश देतात. काही ठिकाणी नाही देत, पण विचारायला काय जातं? नव्या कॉलेजने "इतरत्र प्रवेश घेतलेला नाही" असं प्रतिज्ञापत्र मागितलं तर मात्र खोटं लिहून देऊ नका. "अमुक महाविद्यालयातील प्रवेश आजच रद्द करीत आहे" असं खरं तेच लिहावं. पुढे पडताळणीत दोन ठिकाणी नाव दिसलं तर तेच वाक्य उपयोगी पडतं.

खरं तर मूळ कागद अडवून ठेवायचा अधिकार कॉलेजला नाहीच. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००७ साली जाहीर सूचना काढून शाळा सोडल्याचा दाखला वगैरे मूळ कागद ठेवून घेऊ नयेत असं बजावलं होतं. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आयोगाने यावर सविस्तर अधिसूचनाच काढली: प्रवेशाच्या वेळी मूळ कागद विद्यार्थ्यासमोर तपासायचे आणि त्याला परत द्यायचे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचंही हेच म्हणणं आहे. तरी फाईलमध्ये कागद राहतात, आणि का राहतात हे आतला माणूस म्हणून सांगतो. एक कारण पात्रता विभागाचं: विद्यापीठाकडे पाठवायचे कागद हाताशी असलेले बरे, ही जुनी सवय. दुसरं कारण कुणी बोलून दाखवत नाही. कागद आत असले की मुलगा सहज जात नाही.

कॉलेजची बाजूही थोडी समजून घ्या. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची एक जागा अंतिम तारखेनंतर रिकामी झाली तर ती त्या वर्षी भरता येत नाही, आणि तोटा चार वर्षांच्या शुल्काचा दिसतो. म्हणून सप्टेंबरात "साहेब बाहेरगावी गेलेत", "अकाउंटंट रजेवर आहे", "उद्या या" ही वाक्यं कानावर पडू लागतात. प्रत्यक्षात तोटा दिसतो तेवढा नसतो. पहिल्या वर्षाला रिकाम्या राहिलेल्या जागा पुढच्या वर्षी थेट दुसऱ्या वर्षात डिप्लोमाधारकांना देता येतात. पण हे संस्थाचालकांना समजावणं खिडकीवरच्या कारकुनाचं काम नाही, आणि तुमचंही नाही. तुमचं काम एवढंच की, उशीर झाला तर तो कुणाकडून झाला हे कागदावर दिसलं पाहिजे.

त्यासाठी अर्ज दोन प्रतींत. एक आत द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर तोच अर्ज त्याच दिवशी प्राचार्यांच्या आणि कार्यालयाच्या ईमेलवर पाठवायचा आणि पोस्टाने पोचपावतीसह टाकायचा. सीईटी सेलच्या प्रवेशांत रद्द करण्याची विनंती आधी विद्यार्थ्याच्या लॉगिनमधून करावी लागते आणि तिची सही केलेली छापील प्रत संस्थेत द्यावी लागते. लोक पहिलं करतात आणि दुसरं विसरतात, किंवा दुसरं करून पहिलं राहतं. दोन्ही झाल्याशिवाय काम पूर्ण झालं असं धरू नका. अर्जात "कृपया विचार व्हावा" असली भाषा नको. "दिनांक अमुकपासून माझा प्रवेश रद्द करावा, मूळ कागदपत्रे परत द्यावीत व शुल्क पुढील खात्यावर जमा करावे" एवढं पुरे. जमा केलेल्या कागदांची यादी अर्जातच द्यावी. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेअर, सगळं नाव घेऊन लिहावं. वैधता प्रमाणपत्र हरवलं तर ते पुन्हा मिळवायला किती हेलपाटे पडतात हे ज्याने घातले त्यालाच ठाऊक.

यांतला सगळ्यांत अडणारा कागद म्हणजे शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय सोडल्याचा दाखला. गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये मिळू शकते आणि तिथली प्रत कायद्याने मूळ प्रतीइतकीच ग्राह्य आहे. दाखल्याचं तसं नाही. तो एकच असतो. जुन्या कॉलेजने तुमची नोंद विद्यापीठाकडे पाठवली नसेल तर तोच दाखला परत मिळतो. नोंद झाली असेल तर कॉलेज स्वतःचा दाखला काढून देतं, आणि विद्यापीठच बदलत असेल तर स्थलांतर प्रमाणपत्रही लागतं. म्हणून पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं, "नाव विद्यापीठाला गेलं का?" पुढचे किती दिवस लागणार हे या एका उत्तरावर ठरतं. स्थलांतर प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी नंतर दिलेलं चालतं, त्यासाठी प्रवेश अडू देऊ नये.

आता पैसे. आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेत टप्पे आहेत. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या अंतिम तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश सोडला तर पूर्ण शुल्क परत, त्यातून फार तर पाच टक्के आणि तेही ५,००० रुपयांपर्यंतच कापता येतात. शेवटच्या पंधरा दिवसांत सोडला तर ९० टक्के. तारीख उलटल्यावर पंधरा दिवसांत ८० टक्के, त्यानंतर तिसाव्या दिवसापर्यंत ५० टक्के, पुढे काही नाही. अर्ज मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे द्यायचे, असंही त्यात आहे. करोनाच्या काळापासून आयोगाने त्या त्या वर्षापुरते आणखी सवलतीचे आदेश काढले. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत सोडलेल्या प्रवेशाचं पूर्ण शुल्क आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत फार तर १,००० रुपये वजा करून बाकीचं परत द्या, असा आदेश होता. तुमच्या वर्षाचं परिपत्रक काय म्हणतं ते आयोगाच्या संकेतस्थळावर पाहावं आणि त्याची छापील प्रत अर्जाला जोडावी. परिपत्रक जोडलेला अर्ज कार्यालयात वेगळ्या नजरेने वाचला जातो, हे मी स्वानुभवाने सांगतो.

इंजिनिअरिंगसारख्या सीईटी सेलच्या प्रवेशांत हिशेब वेगळा आहे. ठरलेल्या तारखेपर्यंत रद्द केलं तर १,००० रुपये वजा होतात आणि बाकी परत मिळतं. ती तारीख गेली की फक्त अनामत रकमा हाती येतात. एका दिवसाचा फरक, पण पैशांत तो मोठा पडतो. म्हणूनच आवक क्रमांकावरची तारीख महत्त्वाची. काही संस्था पुढच्या सर्व वर्षांची फी मागतात, "मधेच सोडलीत तर आमचं काय?" असं म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली इस्लामिक अकॅडमी खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे की, संस्थेला एका वेळी एका सत्राचं किंवा वर्षाचंच शुल्क घेता येतं.

शैक्षणिक कर्ज काढलं असेल तर एक जास्तीचं काम. बँकेने शुल्क थेट कॉलेजला दिलेलं असतं, तेव्हा परत येणारे पैसे कर्जखात्यात जमा व्हायला हवेत आणि नव्या कॉलेजसाठी मंजुरी नव्याने करून घ्यावी लागते. याला वेळ लागतो, आणि मधल्या काळात व्याज थांबत नाही. शाखा व्यवस्थापकाला प्रवेश बदलण्याच्या आधीच सांगून ठेवावं. जुन्या कॉलेजचे पैसे येतील आणि मग नवे भरू, या भरवशावर कुणी राहू नये. नव्या शुल्काची सोय स्वतंत्र करता येत नसेल तर बदलण्याचा विचार तिथेच थांबवून पुन्हा करावा. हे बोलायला कठोर आहे, पण पंधरा दिवसांच्या नियमाचे पन्नास दिवस होताना मी पाहिले आहेत.

शिष्यवृत्तीचं त्याहून नाजूक. महाडीबीटीवरचा अर्ज कॉलेजच्या नावाने असतो. कॉलेज बदललं की जुना अर्ज रद्द करून नव्याने भरावा लागतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, शुल्कमाफी आणि शिष्यवृत्तीच्या योजना मुख्यतः कॅपमधून झालेल्या प्रवेशासाठी आहेत. जुलै २०२४ मध्ये शासनाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ केलं. ती सवलतही व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला नाही. कॅपमधली जागा सोडून मुलगी "जास्त चांगल्या" कॉलेजात संस्थेच्या जागेवर गेली आणि घरच्यांना चारही वर्षं पूर्ण शुल्क भरावं लागलं, असा हिशेब नंतर लक्षात येतो. कॅपनंतरच्या रिकाम्या जागेवर सवलत मिळेल का, हे नव्या कॉलेजकडून लेखी घ्या. तोंडी "मिळेल हो" याला अर्थ नाही.

एवढं करूनही काम अडलं तर? दहा-बारा दिवस थांबून कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जायचं. आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत अशी समिती हवी आणि तिने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. त्यानंतर विद्यापीठाचा लोकपाल. आयोगाच्या 'ई-समाधान' या संकेतस्थळावर ऑनलाइन तक्रारही नोंदवता येते. सीईटी सेलच्या प्रवेशांबाबत प्रवेश नियामक प्राधिकरणाकडे दाद मागता येते. ग्राहक आयोगात जाऊ असं पुष्कळ जण म्हणतात. तो रस्ता डळमळीत आहे. २०१० साली महर्षी दयानंद विद्यापीठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परीक्षार्थीला ग्राहक मानायला नकार दिला, आणि तेव्हापासून असे दावे टिकतीलच असं नाही. आधी तक्रार समितीच बरी. कागद अडवले असतील आणि मुदत दोन दिवसांवर असेल तर मात्र समितीची वाट पाहत बसू नये. विद्यापीठाच्या कुलसचिवांकडे स्वतः जाऊन उभं राहावं. तिथून कॉलेजला गेलेला एक फोन पुष्कळदा पुरतो.

आणि काही वेळा बदलूच नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली पार्श्वनाथ चॅरिटेबल ट्रस्टच्या खटल्यात तांत्रिक अभ्यासक्रमांसाठी प्रवेशाचं वेळापत्रक आखून दिलं, आणि अंतिम तारखेनंतर कोणत्याही कोट्यातून प्रवेश देऊ नये असं सांगितलं. ती तारीख त्या त्या वर्षी बदलून मिळते, पण तारीख ही असतेच. ती उलटल्यावर कुणी "मागच्या तारखेत बसवून देतो" म्हणालं तर उठून यावं. झालेल्या प्रवेशांना नियामक प्राधिकरणाची मान्यता लागते. ती मिळाली नाही तर वर्ष शिकून, फी भरून मुलगा परीक्षेला बसू शकत नाही, आणि तोवर जुनी जागाही उरलेली नसते.

वेळेत बदल झाला, तरी नव्या वर्गात मुलगा तीन-चार आठवडे उशिरा पोचतो. पहिल्याच दिवशी वर्गशिक्षकांना रुजू झाल्याची तारीख लिहून द्यावी आणि हजेरी त्या तारखेपासून धरावी अशी विनंती करावी. सुटलेली प्रात्यक्षिकं कधी करून देणार हेही तेव्हाच विचारावं, कारण दिवाळीनंतर प्रयोगशाळेत कुणाला वेळ नसतो. वसतिगृहाची खोली आणि मेसची अनामत जुन्या गावी अडकलेली असते. ती कॉलेजच्या शुल्कात धरलेली नसते, तिचा अर्ज वेगळा करावा लागतो, आणि खोलीची किल्ली परत दिल्याची पावती त्याला जोडावी लागते.